बघे आणि वर्गणीदार

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. खानापूर तालुक्यात भाताची मळणी चालू होती. सायंकाळची जपमाळ आटोपून मी परतलो, तो ओसरीवर आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ डोक्याला हात लावून बसलेले दिसले. शेजारी त्यांची पत्नी होती आणि खालच्या पायरीवर, थोडे अंतर राखून, त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा. मुलगा आय. टी. आय. मधून फिटरचे शिक्षण घेतलेला, बेळगावच्या एका फाउंड्रीत दरमहा सोळा हजार रुपयांवर कामाला जाणारा. आम्ही आत जाऊन बसलो. बाईंनी पदराखालून एक पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. तीत त्यांच्या दोन पाटल्या होत्या.

मुलाला नोकरी सोडून व्हिडिओ करण्याचा व्यवसाय करावयाचा होता. त्याकरिता चांगला कॅमेरा व संगणक हवा, आणि तो घेण्यासाठी पाटल्या सोसायटीत तारण ठेवाव्यात, असे त्याने आईचे मन वळविले होते. वडील म्हणाले, "फादर, तुमचं तरी ऐकेल तो. दिवसभर फोनसमोर नाचायचं, हे काय काम झालं?" मुलगा मान वर न करता म्हणाला, "फादर, एकसष्ट हजार लोक माझ्यामागे आहेत."

मी त्याला विचारले, "त्यांतले किती जण तुझ्या घरी अडचणीला एक पायली तांदूळ घेऊन येतील?" हा प्रश्न विचारताना मला आपण फार शहाणे आहोत असे वाटले होते. पुढे दोन वर्षांत ध्यानात आले की प्रश्न बरोबर होता, पण त्याचे उत्तर मला वाटले होते तितके सोपे नव्हते. गेल्या वर्षभरात असाच प्रश्न घेऊन आणखी काही कुटुंबे माझ्याकडे आली, म्हणून ही हकीकत त्या घराच्या संमतीने येथे लिहीत आहे. नावे देण्याचे कारण नाही.

प्रथम वडिलांच्या शंकेविषयी. कोणाच्या नोकरीत न राहता, आपल्या अकलेतून व कलेतून काही निर्माण करावे, ते लोकांपुढे ठेवावे आणि त्यावर पोट भरावे, हा उद्योग काही आज जन्मलेला नाही. गोव्याचे आमचे बांधव तियात्राला जातात. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिले तियात्र रंगभूमीवर आले, तेव्हापासून त्या कलावंतांना राजाश्रय क्वचितच मिळाला. तिकीट घेऊन येणाऱ्या सामान्य प्रेक्षकांवर त्यांनी आपले बिऱ्हाड चालविले. आणि लेखक व पत्रकार यांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांचे चरित्र पाहा. १५९४ साली ते शाब्ले प्रांतात धर्मकार्यासाठी गेले, तेव्हा त्यांचे प्रवचन ऐकावयास कोणी येईना. मग त्यांनी छोटी छोटी पत्रके लिहून लोकांच्या दारांखालून सरकविली, असे सांगतात. लोक आपल्याकडे येत नसतील तर आपले म्हणणे त्यांच्या उंबरठ्यापर्यंत न्यावे, ही युक्ती आजच्या व्हिडिओवाल्या मुलांना शिकवावी लागत नाही. ख्रिस्तसभेनेही या साधनांना कधी तुच्छ लेखले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कसाधनांविषयी स्वतंत्र हुकूमनामाच काढला. तेव्हा हे काम नव्हे, असे मी वडिलांना म्हणू शकलो नाही.

मुलाने येथे संत कार्लो अकुतीस यांचे नाव घेतले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद बहाल केले. पण त्याआधीपासूनच आमच्या मुलांच्या तोंडी त्यांचे नाव होते. त्यांनी पवित्र मिस्सेसंबंधीच्या चमत्कारांची माहिती संगणकावर एकत्र आणली, हे खरे. परंतु ते पंधराव्या वर्षी वारले आणि त्या कार्यावर त्यांना घर चालवावयाचे नव्हते. एखादे काम पवित्र असणे निराळे आणि त्यावर दरमहा किराणा भरता येणे निराळे. आमच्या ओसरीवरचा वाद या दुसऱ्या गोष्टीचा होता.

म्हणून मी त्याला म्हटले, "बाळ, उद्या वही घेऊन ये." बुरूज बांधू इच्छिणारा मनुष्य आधी बसून खर्च मोजतो, हा प्रभूचा दाखला आपण ऐकतो, पण मोजावयास बसणारे थोडे. हा मुलगा मात्र बसला.

वहीत निघाले ते असे. चौदा महिन्यांत त्याने इन्स्टाग्रामवर दोनशे बारा रील टाकले होते. गाण्यांवर नाच, गावातील गमती, सासू-सुनेची नक्कल. एकसष्ट हजार अनुयायी तेथलेच. त्यापासून रोख उत्पन्न तीन हजार रुपये, तेही बेळगावातील कापडाच्या एका दुकानदाराने जाहिरातीबद्दल दिलेले. शिवाय दोन सदरे. ज्या कंपनीच्या फलकावर तो चौदा महिने राबला तिच्याकडून त्याला एक रुपयाही मिळाला नव्हता. दुसरीकडे युट्यूबवर त्याचे एक पडीक वाटणारे चॅनल होते. फाउंड्रीत लागण्यापूर्वी सहज म्हणून त्याने शेतीच्या लहान यंत्रांच्या दुरुस्तीचे एकोणीस व्हिडिओ तेथे टाकले होते. ग्रास कटर सुरू होत नसेल तर स्पार्क प्लग कसा साफ करावा, कडबाकुट्टीच्या पात्यांना धार कशी लावावी, असे विषय. तेथे अनुयायी जेमतेम आठशे सत्तर. पण फवारणीच्या पंपाला दाब का येत नाही, हे सांगणारा एक नऊ मिनिटांचा व्हिडिओ अडतीस हजार वेळा पाहिला गेला होता; आणि त्याखाली चंदगड, आजरा, गडहिंग्लज, दोडामार्ग येथील त्रेचाळीस जणांनी एकच प्रश्न विचारला होता: हा वायसर मिळतो कोठे? त्याने एकालाही उत्तर दिले नव्हते. रीलमधून सवड झाली नव्हती.

एकसष्ट हजार बघे होते. त्रेचाळीस गिऱ्हाइके दारात उभी होती, आणि दार बंद होते.

आता या धंद्यात पैसा येतो कोठून, हे पालकांना ठाऊक असावे म्हणून थोडक्यात सांगतो. युट्यूब २००५ साली सुरू झाले आणि २००७ पासून व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देऊ लागले. २०१८ साली त्याचे नियम कडक झाले. आज जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी चॅनलला किमान एक हजार सबस्क्राइबर लागतात. त्याशिवाय मागील बारा महिन्यांत लोकांनी चार हजार तास व्हिडिओ पाहिलेले असावे लागतात, किंवा नव्वद दिवसांत छोट्या उभ्या व्हिडिओंना एक कोटी वेळा पाहिलेले असावे लागते. हा उंबरठा ओलांडल्यावर मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नापैकी पंचावन्न टक्के करणाऱ्याला मिळतात. छोट्या व्हिडिओंचा हिशेब गुंतागुंतीचा आहे. त्यांतून वाट्याला येणाऱ्या रकमेचे पंचेचाळीस टक्के. खात्यावर शंभर डॉलर जमेपर्यंत पैसा बँकेत येत नाही. शेतकऱ्याला हे नवीन वाटावयास नको. जमीन दुसऱ्याची, नांगर आपला, आणि पिकाचा वाटा ठरविणारा मालक.

मात्र कूळकायद्याने आपल्या कुळांना जे संरक्षण दिले ते या कुळांना नाही. खंड वाढला, वाटा बदलला, बांध मोडला, तरी दाद मागावयाची कोठे? २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली. देशाच्या सुरक्षेचा तो निर्णय होता, त्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. पण खेड्यापाड्यांतील कितीतरी होतकरू मुलामुलींनी तेथे मिळविलेला लोकसंग्रह एका रात्रीत नाहीसा झाला. सहा सेकंदांच्या फितींचे 'व्हाइन' अमेरिकेत फार गाजले होते. २०१६ च्या ऑक्टोबरात ते बंद करीत असल्याचे मालकाने जाहीर केले. त्यावरील नामवंतांपैकी ज्यांच्यामागे लोक दुसऱ्या ठिकाणी गेले ते तरले. बाकीचे विस्मृतीत गेले.

आपल्याच भाषेतील एक उदाहरण फार बोलके आहे. अहमदनगरजवळच्या सारोळा कासार येथील सुमन धामणे या आजींनी २०२० साली नातवाच्या मदतीने 'आपली आजी' हे पाककृतींचे चॅनल सुरू केले. गावरान स्वयंपाक आणि घरच्यासारखे बोलणे यांमुळे काही महिन्यांतच लाखो लोक त्यांच्यामागे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोणी भामट्याने ते चॅनलच चोरले. काही दिवसांनी ते परत मिळाले, पण तोवर आजींच्या घरात सुतक पडल्यासारखी स्थिती झाली होती, असे त्या वेळच्या वृत्तांतांवरून दिसते. आपल्या परड्यातील म्हैस चोरीस गेली तर निदान पोलीस पाटलाला सांगता येते. म्हणून, ज्यांच्या घरात असे चॅनल असेल त्यांनी दुहेरी पडताळणीचे कुलूप आजच लावावे. आणि जाहिरातीचे आमिष दाखवून आलेल्या पत्रातील फाईल उघडू नये. चोर बहुधा त्याच वाटेने घरात शिरतो.

तर मग या धंद्यात टिकतो कोण? अमेरिकेतील जॅक कॉन्टी या वादकाची हकीकत येथे उपयोगी पडते. याने बराच काळ खपून, पदरचे पैसे घालून एक संगीतफीत तयार केली. ती लक्षावधी लोकांनी पाहिली. पण जाहिरातीचे उत्पन्न पाहू गेला तर ते खर्चाच्या पासंगालाही पुरेना. तेव्हा त्याने विचार केला की, लक्षावधींनी फुकट पाहण्यापेक्षा त्यांतील ज्यांना माझे काम मनापासून हवे आहे अशा थोड्यांनी दरमहा थोडे थोडे द्यावे. त्यातून २०१३ साली 'पेट्रिऑन' ही वर्गणीची व्यवस्था निघाली. केव्हिन केली या लेखकाने तर २००८ सालीच असा हिशेब मांडला होता की, वर्षाकाठी शंभर डॉलर देणारे एक हजार निष्ठावंत चाहते असले की कलावंताचे घर चालते. त्याला जगप्रसिद्ध होण्याची गरज नाही.

हे वाचून मला हसू आले, कारण ही युक्ती आपण विसरलो होतो इतकेच. 'सबस्क्राइबर' या इंग्रजी शब्दाला आपल्या वृत्तपत्रांनी 'वर्गणीदार' असा प्रतिशब्द दिला होता, आणि वर्गणीदार म्हणजे वर्षारंभी पैसे भरणारा मनुष्य. १९०३ साली जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' काढला. अशी मासिके, अशी साप्ताहिके जगली ती रस्त्यावरून जाताना मुखपृष्ठ पाहणाऱ्यांवर नव्हे. घरी अंक आला नाही तर धर्मगुरूंकडे तक्रार घेऊन येणाऱ्या कुटुंबांवर जगली. युट्यूबवरील सबस्क्राइबर एक पैही देत नाही. त्याने फक्त एक कळ दाबलेली असते. शब्द तोच राहिला, आतली वर्गणी नाहीशी झाली, आणि आमची मुले त्या पोकळ आकड्याला श्रीमंती समजू लागली.

पुरचुंडी पुन्हा बाईंच्या हाती देताना मी मुलाला एवढेच म्हटले की, प्रेषित पौल करिंथ येथे अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवीत असे. उपदेशाचे काम थोर होते, तरी त्याने सुईदोरा टाकला नाही. तूही फाउंड्री सोडू नकोस. आम्ही तिघांनी मिळून, वडील त्या रात्रीपुरते गप्प होते, काही गोष्टी ठरविल्या. कर्ज काढावयाचे नाही. हातातला फोन पुरेसा आहे; फार तर कॉलरला लावावयाचा माइक व एक तिकाटणे घ्यावे, कारण चित्र थोडे धूसर चालते पण आवाज ऐकू आला नाही तर शेतकरी पुढे पाहत नाही. आठवड्यास एकच व्हिडिओ, तोही अशा दुरुस्तीचा जी त्याने स्वतःच्या हाताने केली आहे. घरखर्चाचे बारा महिन्यांचे पैसे बँकेत साठल्याशिवाय राजीनामा नाही. आणि ज्याने ज्याने वायसर विचारला त्याची संमती घेऊन नाव, गाव, फोन क्रमांक एका रजिस्टरमध्ये. या शेवटच्या अटीला तो प्रथम हसला. आज त्याच्या घरात सर्वांत जपून ठेवलेली वस्तू तेच रजिस्टर आहे. युट्यूब उद्या बंद पडले तरी त्यातली माणसे कोणी नेऊ शकत नाही.

पुढील वाट काही सरळ नव्हती. रील थांबविताच अनुयायी गळू लागले. तो काही दिवस जेवेना, असे त्याची आई सांगे. युट्यूबचा उंबरठा ओलांडावयास पाच महिने लागले आणि पहिले शंभर डॉलर जमावयास आणखी तीन. मधल्या काळात एका व्हिडिओत त्याने शोभेसाठी चित्रपटातले गाणे लावले. तो व्हिडिओ चांगला चालला, आणि त्याचे सारे उत्पन्न गाण्याच्या मालकाकडे गेले. दुसऱ्याच्या शेतातले कणीस तोडल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करावयाची? तेव्हापासून त्याच्या व्हिडिओत फक्त पाना-हातोड्याचा आवाज असतो. तो मला अधिक आवडतो.

येथे माझाही एक दोष सांगितला पाहिजे. मुलगा चित्रण चांगले करतो, हे पाहून मी त्याला आमच्या सणाच्या नोव्हेनाचे नऊ दिवस चित्रीकरण करावयास सांगितले. देवाचे काम म्हणून तो फुकट करून गेला. फाउंड्रीतून थकून यावे, रात्री चित्रण, मग पहाटेपर्यंत जुळणी. त्या महिन्यात त्याचा स्वतःचा एकही व्हिडिओ निघाला नाही आणि रजिस्टरमधील माणसे वाट पाहत राहिली. त्याच्या वडिलांनी एकदा मिस्सेनंतर मला सहज विचारले, "फादर, मांडववाल्याला पैसे दिले, बॅण्डवाल्याला दिले. माझ्या पोराचंच काम तेवढं फुकट कसं?" ज्या गृहस्थांना दीड वर्षापूर्वी हे काम वाटत नव्हते, त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आता धर्मग्रामाच्या जमाखर्चात चित्रीकरणाची ठरीव रक्कम लिहिली जाते. अन्य धर्मग्रामांतील माझ्या बंधूंनीही याचा विचार करावा. आपल्या गायक, वादक व लेखक मुलांच्या बाबतीत आपण हाच अन्याय वर्षानुवर्षे करीत आलो आहोत.

उत्पन्नाचा खरा झरा वायसरातून निघाला. पंपाचे वायसर, गॅस्केट, गाळणी व नोझल असे एक पाकीट तो टपालाने एकशे ऐंशी रुपयांना पाठवू लागला. त्यात खर्च वजा जाता पंचावन्न रुपये सुटतात. पावसाळ्यात महिन्याला अडीचशे-तीनशे पाकिटे जातात, उन्हाळ्यात चाळीसही जात नाहीत. पण या धंद्याने आम्हाला सीमेचा एक धडा शिकविला. चंदगड डोंगरापलीकडे, पण ते महाराष्ट्रात आणि आम्ही कर्नाटकात. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जी. एस. टी. ची नोंदणी लागत नाही, हे त्याने कोठेतरी वाचले होते. पण माल दुसऱ्या राज्यात विकावयाचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हते. बेळगावच्या एका हिशेबनिसाने वेळीच सावध केले. सीमाभागातील आपल्या घरांतून मसाले, लोणची, काजू, काहीही पाठविणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. पहिल्या रुपयापासून हिशेब लिहिणे हे तर सांगावयासच नको.

मग त्याने वर्गणी काढली. वर्षाला तीनशे रुपये. त्याबदल्यात हंगामात कधीही फोन करावा, यंत्र फोनसमोर धरावे, तो दोष सांगेल. मला हा बेत वेडगळ वाटला होता. शेतकरी न दिसणाऱ्या वस्तूला पैसे देत नाही, असे मी त्याला म्हणालोही. आज तीनशे दहा घरे त्याची वर्गणीदार आहेत, म्हणजे वर्षाचे त्र्याण्णव हजार. शेतकऱ्याला मी अजून पुरता ओळखत नाही असे दिसते.

मागल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका कीटकनाशक विकणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. औषधाची दोन मिनिटे स्तुती करावयाची, बारा हजार रुपये. त्या महिन्यात पाकिटे फारशी गेली नव्हती. मुलाने उत्तर दिले की, औषध पाठवा, एक हंगाम वडिलांच्या शेतात मारून पाहतो, मग जे दिसेल ते सांगतो, आणि पैसे घेतल्याचेही सांगतो. त्या माणसाचा पुन्हा फोन आला नाही. हे त्याने मला न विचारता केले. पैसे वा वस्तू घेऊन स्तुती केली तर तसे उघड सांगावे, हा नियम जाहिरात-मानक परिषदेने २०२१ साली घालून दिला आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तो स्तुती करणाऱ्यालाही. पण मला वाटते, त्याच्या मनात दंड नव्हता. रजिस्टरमधील ज्या माणसाचे पीक जळेल त्याचा आवाज तो ओळखतो.

मुलींच्या आईवडिलांसाठी दोन शब्द. मुलीत गुण असेल तर तिला अडवू नका. हैदराबादेकडे आपले पुष्कळ मराठी बांधव आहेत. त्याच तेलंगणातील लंबाडीपल्ली गावात २०१२ पासून 'माय व्हिलेज शो' चालतो, आणि तेथे शेतमजुरी करणारी गंगव्वा उतारवयात साऱ्या राज्याला परिचित झाली. परंतु घराचा पत्ता, शाळेची वाट, रोजची वेळ चित्रात येऊ देऊ नका; कामासाठी वेगळा फोन क्रमांक ठेवा; आणि घाणेरडे शेरे वाचण्याचे काम तिच्यावर टाकू नका, भावाने वा वडिलांनी ते पुसून टाकावेत. लहान मुलांना तर कमाईसाठी कॅमेऱ्यापुढे उभे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांची संमती विचारण्याइतकी ती मोठी नसतात.

मुलाने येत्या जाणाऱ्या मे महिन्यात, ठरल्याप्रमाणे दीड वर्षाने, फाउंड्री सोडली. तेव्हा पगार साडेसतरा हजार झाला होता. आज युट्यूबचे सरासरी साडेतीन हजार, पाकिटांचे वर्षाकाठी धरून महिना आठ हजार आणि वर्गणीचे पावणेआठ हजार, मिळून एकोणीस हजारांच्या वर जातात. वरकरणी दीड-पावणेदोन हजारांचा लाभ दिसतो. पण फाउंड्रीत प्रॉव्हिडंट फंड होता, ई. एस. आय. चा दवाखाना होता. आता आजारपणाचा विमा त्याने स्वतः उतरविला आहे आणि म्हातारपणासाठी पोस्टात पैसे टाकतो. ते वजा केले तर तो नोकरीपेक्षा किंचित मागेच आहे. वडिलांनी हे बरोबर हेरले आहे आणि जेवताना ऐकवितात. फाउंड्रीच्या मालकांनी कामावर परत घेण्याची तयारी दाखविली आहे, ती त्याने नाकारलेली नाही; पुढील पावसाळ्यात वर्गणीदार चारशेच्या वर गेले नाहीत तर तीन दिवस तेथे जाईन, असे तो म्हणतो. मला हा विचार शहाणपणाचा वाटतो. पौलानेही तंबूचा धंदा कायमचा मोडल्याचे कोठे लिहिलेले नाही.

रविवारी तो फोन बंद ठेवतो. मिस्सेला आईवडिलांबरोबर येतो आणि दुपारपर्यंत कोणालाच उत्तर देत नाही. सुरुवातीला त्याला भीती वाटली होती की, एक दिवस गैरहजर राहिलो तर यंत्र आपल्याला मागे टाकील. युट्यूबचे मला ठाऊक नाही. पण वर्गणीदार सोमवारी सकाळी फोन करतात.

परवा तो नवी मागणी घेऊन आला. जानेवारीत, पंप माळ्यावर पडलेले असतात तेव्हा, आसपासच्या गावांतील वीस शेतकऱ्यांसाठी दोन दिवसांचा दुरुस्तीचा वर्ग घ्यावयाचा आहे. ज्याने त्याने आपला पंप घेऊन यावे. धर्मग्रामाचा हॉल मिळेल का, असे त्याने विचारले. मी होय म्हटले. विजेचे व झाडलोटीचे पैसे द्यावे लागतील, हेही सांगितले. तो म्हणाला, "देतो, फादर. पण पावती पाहिजे, हिशेबाला लागते."